कंपासपेटीतली मेथी : आमच्या शाळेला खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापिका बाई, दुसरीच्या सर्व वर्गशिक्षिका आणि पालक-शिक्षक संघाचे सभासद,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी रात्री लेकीच्या पेन्सिलींना टोक काढायला तिची कंपासपेटी उघडली, तर आत मेथीची भाजी निघाली. शार्पनर, अर्धं खोडरबर आणि मधोमध कागदी रुमालात नीट गुंडाळलेली, लसणाच्या पाकळीसकट, मी सकाळी परतलेली भाजी. झाकण दाबून लावल्यामुळे ती थोडी चेंगरली होती आणि तेल उतरून पट्टीवरचे आकडे पुसट झाले होते. मी काही न बोलता पेटी तिच्यासमोर ठेवली. ती म्हणाली, "बाबा, आज चौथा तारा होता ना."

ज्या पालकांच्या वर्गात हे नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या दुसरीच्या वर्गात भिंतीवर एक तक्ता आहे. मधल्या सुट्टीत ज्याचा डबा रिकामा, त्याच्या नावापुढे सोनेरी तारा. आठवड्यात पाच तारे झाले की शुक्रवारी सगळ्या वर्गाकडून टाळ्या. लेकीला टाळ्या हव्या होत्या, मेथी नको होती, आणि दोन्हींचा मेळ तिने कंपासपेटीत घातला. तिच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं हेही कबूल करतो. पण त्या रात्री पट्टी साबणाने घासता घासता जे डोक्यात आलं, ते चार ओळींच्या अर्जात मावेना, म्हणून हे पत्र.

आमच्या घरी डब्याचा कारभार माझ्याकडे आहे. बायकोची ड्यूटी सकाळी सातला सुरू होते, माझं काम दहाला. त्यामुळे कणीक मी मळतो, पोळ्या मी लाटतो (नकाशे आता बऱ्यापैकी गोल येतात) आणि बसच्या वेळेआधी डबा भरून दप्तरात ठेवतो. पालकसभेत "आयांनी लहानपणापासून वळण लावायला हवं" असं कुणी म्हणालं की मी उगाच छताकडे बघत बसतो.

डबा शाकाहारीच हवा, हा शाळेचा नियम मला मान्य आहे. आमच्याकडे रविवारी मटण शिजतं, तरी शाळेत चाळीस घरची मुलं शेजारी बसून जेवतात, तेव्हा असा काही नियम लागतो हे मी समजू शकतो. फक्त एक गोष्ट. शाकाहारी या शब्दाला आपण पौष्टिक या शब्दाचा जुळा भाऊ करून टाकलाय. जॅम लावलेला पाव शाकाहारी आहे. दोन मिनिटांच्या नूडल्स शाकाहारी आहेत, केचपमध्ये बुडवलेली पोळीही. मूल भाजी, उसळ, वरण, पालेभाजी आवडीने खायला लागणं हे निराळं काम आहे, ते नियम लावून होत नाही, आणि माझी तक्रार अशी की शाळेत जे चाललंय त्याने ते काम उलटं होतं.

आधी वेळेचं बोलू. मधली सुट्टी पंधरा मिनिटांची. मला वाटायचं, पंधरा मिनिटांत दीड पोळी खायला काय लागतं? एका रविवारी मी घरीच शाळा भरवली. लेकीला हात धुवून यायला सांगितलं, दप्तरातून डबा काढायला सांगितला आणि मोबाइलवर घड्याळ लावलं. आमचा डबा चार क्लिपांचा, हवाबंद, सांडत नाही म्हणून मुद्दाम घेतलेला. तिला पहिली क्लिप उघडेना. नखं लावली, दात लावले, मांडीत दाबून धरला. झाकण निघालं तेव्हा तीन मिनिटं होत आली होती. शाळेत काय करतेस असं विचारलं, तर म्हणाली, ताईंकडे जाते, तिथे रांग असते. वर्गात बेचाळीस मुलं आणि मदतीला ताई एक. त्यात नळावरची रांग धरा. उरलेल्या सात-आठ मिनिटांत सात वर्षांच्या मुलीने पोळीचा तुकडा मोडून, त्यात भाजी धरून, चावून गिळायचं आहे, आणि शेजारची मैत्रीण चिप्स संपवून मैदानाकडे पळालेली आहे. मीही चिप्सच खाल्ले असते.

दुसऱ्याच दिवशी साधा स्टीलचा, झाकण ओढून निघणारा डबा आणला. पहिल्या आठवड्यात फारसं काही न बदलता अर्धी पोळी जास्त संपली. इतर पालकांना माझी विनंती, नवी पाककृती शोधण्याआधी एकदा पोराला स्वतःचा डबा उघडायला लावून बघा.

डब्याची दुसरी अडचण अशी की जेवण पावणेचार तासांनी होतं. साडेसहाला भरलेली गरम पोळी सव्वादहाला वातड होते, झाकणाला वाफ धरते, तेच पाणी भाजीवर ठिबकतं. कुरकुरीत भेंडीच्या काचऱ्या तोवर ओल्या चिंधीसारख्या झालेल्या असतात. तिने ती खाल्ली नाही तर आपण म्हणतो, हिला भेंडी आवडत नाही. तिला भेंडी कुठे मिळाली? आता मी पोळी तुपाचं बोट फिरवून जाळीवर पुरती गार करतो आणि मगच सुरळी करून भरतो. रसभाजी डब्यातून बाद. तिच्याऐवजी पीठ पेरून ढोबळी मिरची, पीठ पेरून कांद्याची पात, दुधीचं थालीपीठ, कोथिंबिरीच्या वड्या, मेथीचे मुटके. बेसन भाजलं गेलं की भाजीचा कडवटपणा मागे सरतो आणि पाणीही सुटत नाही. कोबी तिला शिजवलेली अजिबात चालत नाही, तिचा उकडलेला वास नको असतो. तीच बारीक चिरून, दाण्याचं कूट, लिंबू आणि वरून मोहरीची फोडणी घालून कच्ची दिली की चालते. आणि नाशिककराची मुलगी असल्यामुळे मोड आलेल्या मटकीची सुकी उसळ, तर्रीशिवाय, सोबत पुडीत शेव. शेव स्वतः घालायची असते म्हणून ती पुडी तिला फार महत्त्वाची वाटते. शेवेवर आक्षेप असणाऱ्यांनी जरूर घ्यावा. चमचाभर शेवेच्या जोरावर वाटीभर मटकी पोटात जाते.

आता डायरीतल्या शेऱ्याकडे येतो. जूनमध्ये शेरा आला होता : "डब्यात भाजी फारच कमी असते. कृपया पुरेशी भाजी द्यावी." बाई, ती कमी भाजी मी जाणूनबुजून देत होतो, आणि त्यामागे एक पद्धत होती.

आपल्याकडे ताट वाढायची रीत आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी, उसळ उजवीकडे. डाव्या बाजूचं सगळं बोटभर. ते संपवलंच पाहिजे असा कुणाचा आग्रह नसतो, आवडलं तर मागून घ्यायचं. माझ्या लेकीला जी भाजी चालत नाही, ती मी चटणी समजून डावीकडे वाढतो. गवारीच्या दोन शेंगा. दोडक्याच्या शिरांच्या चटणीऐवजी दोडक्याचीच एक फोड. त्यावर कुणी बोलायचं नाही, ना "खाऊन तर बघ", ना "शाब्बास". आम्ही आमच्या पानातली गवार खातो आणि दुसऱ्याच गोष्टी बोलतो. पहिल्या वेळी तिने शेंगा ताटाच्या काठावर ढकलल्या. नंतर कधी वास घेतला, कधी चाटून ठेवून दिली. मी कॅलेंडरवर बारीक टिंबं करत होतो, नवव्या टिंबाला तिने एक शेंग खाल्ली आणि म्हणाली, "ठीके." गवार ठीके असेल तर बाबाला आणखी काय पाहिजे?

शेरा आल्यावर मला वाटलं, आपणच चुकत असू, म्हणून थोडं वाचून काढलं. लहान मुलांना कडू चव मोठ्या माणसांपेक्षा तीव्र लागते. तिच्या जिभेवरची मेथी आणि माझ्या जिभेवरची मेथी एक नाही. त्यातही काही मुलांना जन्मतःच कडू जास्त जाणवतं. साधारण दोन ते सहा वर्षांच्या काळात अनोळखी अन्नाला नकार देणं सगळ्यात जास्त असतं, आणि एखादी भाजी आपलीशी व्हायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळी कंटाळतो आणि जाहीर करून टाकतो, आमच्या हिला हे आवडतच नाही. तेही तिच्यासमोर.

आणखी दोन प्रयोग वाचले, ते तुमच्या तक्त्याशी थेट भिडतात. २००६ साली पेनसिल्व्हेनियातल्या काही संशोधकांनी बालवाडीच्या मुलांना सूप दिलं. कधी नुसतं समोर ठेवलं, कधी "सूप संपव बरं" असा धोशा लावला. धोशा लावला तेव्हा मुलं कमी प्यायली आणि सुपाला नावंही जास्त ठेवली. त्याआधी १९८४ मध्ये मुलांना केफिर, म्हणजे आपल्या ताकाचा चुलतभाऊ म्हणा, प्यायल्याबद्दल बक्षीस देऊन पाहिलं होतं. बक्षीस होतं तोवर मुलं प्यायली, पण ते पेय त्यांना आधीपेक्षा कमी आवडायला लागलं. मुलांचा हिशेब सरळ असतो. हे प्यायल्यावर काही मिळत असेल तर हे वाईटच असणार.

आता आपलं डब्याचं वेळापत्रक बघा. सोमवार पोळी-भाजी, मंगळवार पराठा, बुधवार कडधान्य, गुरुवार पालेभाजी, शुक्रवार "आवडीचा पदार्थ". हे ज्यांनी केलं त्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल शंका नाही. पण मुलांनी त्यातून काय वाचलं? सोमवार ते गुरुवार नावडीचं. माझ्या लेकीला थालीपीठ मनापासून आवडायचं. ते मंगळवारच्या रकान्यात गेल्यापासून तिने मला दोनदा विचारलंय की थालीपीठ हेल्दी असतं का. "हेल्दी" म्हणताना तिचा चेहरा काढा घेतल्यासारखा होतो.

घरात मी काही फार दिवे लावलेत असं नाही, म्हणून एक माझीही चूक सांगतो. मागच्या वर्षी एका व्हिडिओत बघून मी बीट किसून इडलीच्या पिठात घातलं. गुलाबी इडल्या. तिने विचारलं, यात काय आहे? मी म्हणालो, काही नाही, जादू. तिने दोन खाल्ल्या, तिसरीत किसाचा एक धागा सापडला. त्यानंतर दोन आठवडे ती पांढरी इडलीसुद्धा मोडून, आत बघून, मगच खायची. बीट तर गेलंच, इडलीही जाता जाता राहिली. पिठात पालक घालू नये असं मी म्हणत नाही; मी घालतो, आता सांगून घालतो. लपवलेला पालक पोटात जातो, पण पालकाशी ओळख होत नाही, आणि पकडलं गेलो की घरच्या पोळीवरचाही विश्वास उडतो.

माझी मोठी बहीण त्र्यंबक तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. फेब्रुवारीत मी एक दिवस रजा टाकून तिच्या शाळेत गेलो होतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांना शाळेतलं जेवण म्हणजे "ती खिचडी" एवढंच माहीत असतं. १९९५ साली शालेय पोषण आहाराची ही योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी मुलांना घरी न्यायला कोरडा तांदूळ मिळायचा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हापासून शिजवलेलं जेवण आलं. प्राथमिकच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ आणि पन्नास ग्रॅम भाजी असं माप ठरलेलं आहे. पन्नास ग्रॅम भाजी माझी लेक आठवड्यात एकदा खाते की नाही, मला शंका आहे.

त्या दिवशी मूग-शेवगा वरण आणि भात होता. मुलांना वाढण्याआधी ताईने एका वाटीत घेऊन खाऊन पाहिलं आणि चव नोंदवहीत सही केली. मग व्हरांड्यात पंगत बसली, पहिलीपासून पाचवीपर्यंत सगळी एकत्र. वाढणाऱ्या मावशींना पोरं नावानिशी ठाऊक. एक पहिलीतला मुलगा ताट मागे ओढून म्हणाला, "शेंग नको." मावशी म्हणाल्या, "नको तर नको, बाजूला पडू दे," आणि एक तुकडा टाकून पुढे गेल्या. थांबून बघतसुद्धा राहिल्या नाहीत. त्याच्या शेजारी चौथीतली एक मुलगी शेंग दातांनी ओरबाडत होती आणि चोखून झालेली सालं ताटाच्या कडेला काड्यांसारखी ओळीने लावत होती. तिच्यापलीकडच्याने त्याची ओळ लावली. कोणाची ओळ लांब, यावरून त्यांची बाचाबाची सुरू झाली. पहिलीतल्या त्या मुलाने थोडा वेळ हे बघितलं, आपला तुकडा उचलला, चोखला, तोंड वाकडं केलं, आणि साल कडेला ठेवलं. मग मावशींना हाक मारून आणखी एक मागितला. ओळ लावायला.

मी ताईला म्हणालो, तुमची पोरं भुकेली असतात म्हणून खातात. ती चिडली. म्हणाली, "भुकेचं मला सांगू नकोस. नखरे आमच्याकडेही आहेत. सोयाबीनच्या वड्या वेचून काढणारे सहा जण मी आत्ता दाखवते. पण इथे सगळ्यांच्या ताटात तेच असतं, मोठी पोरं शेजारी खात असतात, मी खाते, मावशी खातात, आणि कुणी कुणाचं ताट मोजत नाही." मग तिने शाळेमागची परसबाग दाखवली. मेथी, पालक, मुळा, वांग्याची चार झाडं. पोरं पाणी घालतात, त्यांचे वाफे वाटलेले आहेत. आपल्या वाफ्यातला पालक वरणात पडला की मुलं तो आधी शोधतात, असं ती म्हणाली. पावसाळ्यात याच पोरांनी घरून करटोली आणून मावशींना दिली होती. शहरात आपण ती बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर महागामोलाने घेतो आणि घरी आणल्यावर मुलं विचारतात, हे काटेरी काय आहे?

ती शाळा आणि आपली शाळा सारखी नाही, हे मला कळतं. आपल्याकडे स्वयंपाकघर नाही, डबे घरोघरचे, वर्ग मोठे. तरी काही गोष्टी करता येतील असं वाटतं, आणि त्यातल्या बऱ्याचशांना पैसे लागत नाहीत.

मधली सुट्टी पंचवीस मिनिटांची करा. दहा मिनिटं कुठून आणायची हे तुम्ही ठरवायचं, पण शनिवारच्या परिपाठातली भाषणं जरी आटोपशीर झाली तरी एका दिवसाची सोय होईल, असं मी हळूच सुचवतो. ताऱ्यांचा तक्ता काढून टाका. त्या जागी पाढे लावा, चित्रं लावा, काहीही लावा. शुक्रवारचं "आवडीचा पदार्थ" हे नाव खोडा. हवं तर सगळेच दिवस मोकळे ठेवून फक्त पाकिटातलं तयार खाणं नको एवढं सांगा, पालक तेवढे शहाणे आहेत. आणि वर्गशिक्षिकांना माझी खरी विनंती ही, की जमेल तेव्हा तुमचाही डबा मुलांमध्ये बसून खा. मला माहीत आहे, तीच पंधरा मिनिटं तुम्हाला चहाची आणि वह्या तपासायची मिळतात, म्हणून रोज म्हणत नाही. आठवड्यातून एकदा. बाईंच्या डब्यात कारल्याच्या काचऱ्या आहेत ही बातमी माझ्या घरी लेक जेवढ्या अप्रूपाने सांगेल, तेवढं माझं कुठलंच व्याख्यान ती ऐकणार नाही. तुम्ही तिला त्या देऊ नका. तुमच्या तुम्ही खा.

महिन्यातून एक पंगत करता येईल का, तेही बघा. एकेका घराने एकच पदार्थ आणायचा, सगळ्यांना बोटभर वाढायचा. मटकीच्या उसळीची पातेली मी घेऊन येईन. शेव शाळेने आणावी.

पालक मित्रांनो, तुमच्यासाठी थोडंच लिहितो. ग्रुपवर डब्यांचे फोटो टाकणं जरा आवरा. गाजराची फुलं आणि काकडीचे ससे बघून मी सकाळी साडेसहाला घरच्यांवर खेकसतो. आणि आपल्या मुलांसमोर "हा भाजीला हातच लावत नाही" असं कौतुकमिश्रित आवाजात सांगू नका. ती ऐकतात आणि तसं वागायची जबाबदारी मनापासून पार पाडतात. मी स्वतः दोडका खात नाही, कारण आठ वर्षांचा असताना आजीने मला त्या पानावरून दुपारपर्यंत उठू दिलं नव्हतं. आता अडतिसाव्या वर्षी लेकीच्या डावीकडे दोडक्याची फोड वाढताना माझ्याही डावीकडे एक घेतो. माझी आतापर्यंत सहा टिंबं झालीत.

शाळेमागे, सायकल स्टँडच्या पलीकडे, दहा फुटांचा एक मोकळा पट्टा आहे. ऊन चांगलं येतं, नळ जवळ आहे. मेथी पेरली की चार दिवसांत दिसायला लागते, महिन्याभरात काढता येते, म्हणजे मुलांचा धीर सुटायच्या आत. मेथीदाणे प्रत्येकाच्या मिसळणाच्या डब्यात असतात, बियाणं विकत आणायलाही नको. मला शनिवारी सुट्टी असते आणि कुदळ घरची आहे. मागच्या फाटकाची किल्ली कोणाकडे असते, एवढं कळवावं.

आपला नम्र,
दुसरी-ब मधल्या एका मुलीचा बाबा
नाशिक